जुन्या ट्रॅक्टरचे कॉम्प्रेशन: तिसऱ्या सिलिंडरचा कमी दाब कसा तपासावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिककडच्या शेतावर मॅसी फर्ग्युसन १०३५ हा जुना ट्रॅक्टर आहे आणि त्याला ३.१५२ जातीचे तीन सिलिंडरचे इंजिन आहे. सकाळी ते लवकर सुरू होत नाही, सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटे पांढरा धूर टाकत अडखळत चालते आणि मग सुरळीत होते. ब्रीदरमधून (इंजिनाच्या तळातील हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर थोडा वाढला आहे. मिस्त्रींनी थंड इंजिनावर एक-एक नोझल (डिझेल फवारणारा भाग) काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती चढतो ते, मोजले. पहिल्या सिलिंडरला ३४० पीएसआय (दाबाचे एकक), दुसऱ्याला ३३० आणि तिसऱ्याला २४० असे आकडे आले, आणि इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधावे लागेल असा सल्ला त्यांनी दिला. शेवटी सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) मंदावला म्हणून दुसऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचा जोड द्यावा लागला, असेही आपण लिहिले आहे.

या शेवटच्या वाक्यासाठी मी आपला आभारी आहे, कारण माझ्या दृष्टीने ते तिन्ही आकड्यांपेक्षा महत्त्वाचे आहे. या एका चाचणीवर इंजिन खोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरा सिलिंडर खरोखर कमजोर असू शकतो. आपली लक्षणे, म्हणजे थंडीत एक सिलिंडर न पेटणे आणि इंजिन तापल्यावर तो कामाला लागणे, त्याच्याशी जुळतातही. पण जो सिलिंडर सर्वांत शेवटी, बॅटरी उतरल्यावर मोजला गेला त्याचाच आकडा सर्वांत कमी यावा, ही गोष्ट संशयास्पद आहे. शिवाय आकडा खरा ठरला तरी गळती कोठे आहे हे तो सांगत नाही. पिस्टनभोवतीच्या रिंगमधून, वॉल्व्हमधून की हेड गॅस्केटमधून (सिलिंडरांवरचे झाकण म्हणजे हेड, आणि त्याखालची सीलबंद पट्टी म्हणजे गॅस्केट), हे हेड उतरवण्याआधीच शोधता येते. एकदा हेड उतरले की त्यातला बराचसा पुरावा कायमचा नाहीसा होतो.

डिझेल इंजिनात पेट घेण्यासाठी ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा ते अठरा पट दाबतो, त्यामुळे तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्या उष्णतेवरच फवारलेले डिझेल पेटते. इंजिन सावकाश फिरले तर दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटींतून निसटायला आणि थंड लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याला) उष्णता द्यायला जास्त वेळ मिळतो. त्यामुळे तेच इंजिन, त्याच रिंगा आणि तेच वॉल्व्ह असूनही सेल्फच्या वेगानुसार गेजवरचा आकडा कितीतरी बदलतो. त्यात आपले गाव पठारावर आहे. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास हवेचा दाब सहा-सात टक्के कमी असतो आणि तेवढाच कॉम्प्रेशनचा आकडाही खाली येतो. अशा थेट फवारणीच्या (डिझेल सरळ पिस्टनवर फवारणाऱ्या) जुन्या इंजिनात सेल्फच्या वेगावर साडेतीनशे ते साडेचारशे पीएसआय हा चांगला आकडा मानतात, आणि तीनशेच्या खाली गेल्यास थंडीत सुरू होण्याची अडचण ठरलेलीच असते. तरीही मी केवळ आकड्यापेक्षा सिलिंडरांमधल्या फरकाकडे आधी पाहतो. पर्किन्सच्या नंतरच्या इंजिनांच्या पुस्तिकांतही ही चाचणी सिलिंडरांची आपापसात तुलना करण्यापुरतीच वापरावी आणि ५० पीएसआयपेक्षा जास्त फरक आला तर त्या सिलिंडरवर संशय घ्यावा, असे सांगितलेले आहे. आपल्याकडे १०० पीएसआयचा फरक दिसतो. तो टिकतो का, हे आधी पाहावे लागेल.

पुन्हा चाचणी घेण्यापूर्वी बॅटरी रात्रभर चार्ज करावी, तिची टोके आणि इंजिनावरची अर्थची जागा घासून साफ करावी, आणि सेल्फ फिरत असताना बॅटरीचा दाब दहा व्होल्टच्या खाली जात नाही याची मीटरने खात्री करावी. एअर क्लीनरची वाटी काढून पाहावी. तिच्यात गाळ साचला असेल तर हवाच पुरेशी आत जात नाही. याच वेळी टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा रॉकर यांच्यातली फट, तपासणे मी अत्यावश्यक समजतो, कारण त्याला खर्च नाही आणि निदान कधी कधी तेथेच संपते. या इंजिनात थंड स्थितीत टॅपेटची फट ०.३० मि.मी. असावी. वापराने वॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू खोल बसत जातो, त्यामुळे ही फट वाढण्याऐवजी कमी होते. ती पार नाहीशी झाली की वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि हवा तेथून निसटते. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये फिलर गेजचे (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांचे) पाते शिरलेच नाही, तर त्या २४० आकड्याचे कारण बहुधा आपल्याला मिळाले असे समजावे. टॅपेटला आवाज येत नाही म्हणून ते बरोबर आहेत, असा समज गावोगावी ऐकू येतो, पण घट्ट झालेला टॅपेट आवाज करत नाही आणि सैल टॅपेटपेक्षा त्याच्यामुळे जास्त नुकसान होते.

टॅपेट लावून झाल्यावर इंजिन सुरू करून चांगले गरम करावे. मंद गतीवर चालत असताना एका वेळी एका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करून पाहिल्यास ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो कामात कमी पडतो आहे हे गेजशिवायही कळते. मात्र हे करताना नटावर जाड कापड ठेवावे आणि बोट फवाऱ्यासमोर कधीही आणू नये. पंपाच्या दाबाने सुटलेले डिझेल कातडी भेदून आत शिरते, आणि अशी जखम वरून टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

आता गेजविषयी. पेट्रोल गाड्यांचे गेज येथे मुळीच वापरू नये, कारण ते सहसा ३०० पीएसआयपर्यंतच असते आणि त्याची रबरी नळी या दाबाला फुटू शकते. डिझेलसाठी १००० पीएसआय किंवा ७० किलोपर्यंतचे गेज आणि नोझलच्या जागी त्याच मापाने बसणारे डमी नोझल लागते. काही गेजवर किलोचे आकडे असतात, तेथे एक किलो म्हणजे १४.२ पीएसआय धरावे. दाब अडवून ठेवणारा छोटा वॉल्व्ह कोठे बसवला आहे, हे विकत घेताना कोणी विचारत नाही, पण तेच विचारायला हवे. तो नळीच्या गेजकडच्या टोकाला असेल तर नळीतील पोकळी ज्वलनकक्षाच्या जागेत मिळते. ३.१५२ म्हणजे तीन सिलिंडर मिळून १५२ घन इंच, म्हणजेच प्रत्येक सिलिंडर साधारण ८३० घन सेंटिमीटरचा. दाबाचे प्रमाण, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, १७ धरले तर पिस्टन वर असताना उरणारी जागा केवळ ५२ घन सेंटिमीटर असते. त्यात ३० सेंटिमीटर लांब आणि ६ मि.मी. पोकळीच्या नळीचे साडेआठ घन सेंटिमीटर मिळाले की प्रमाण १७ वरून १५ च्याही खाली येते, आणि ठणठणीत सिलिंडरही गेजवर कमजोर दिसतो. म्हणून वॉल्व्ह डमी नोझलमध्येच असलेला संच घ्यावा. तसा मिळत नसेल तर निदान तिन्ही सिलिंडरांना तेच गेज आणि तीच नळी वापरावी, म्हणजे आकडे कमी आले तरी तुलना बिघडत नाही.

नोझल काढण्यापूर्वी त्याच्या भोवतालची माती वायरब्रशने आणि हवेने पूर्ण साफ करावी. भोकातून आत पडलेला वाळूचा एक कण लायनरवर ओरखडा काढण्यास पुरेसा असतो. काजळीने जाम झालेले नोझल पहारीने उचकटू नये. बुडाशी डिझेल किंवा गंजतेल सोडून थोडा वेळ थांबावे आणि मग दोन्ही बाजूंनी हलवत सरळ वर काढावे. नोझलखालचा तांब्याचा वॉशर अनेकदा खाली सीटवर चिकटून राहतो. तो राहिला आणि त्यावर डमी नोझलचा दुसरा वॉशर बसला तर खोली बदलते आणि तेथूनच हवा गळते. म्हणून टॉर्च लावून भोकात पाहावे. नोझलचे नट आवळताना दोन्ही बाजू थोड्या थोड्या, आळीपाळीने आवळाव्यात, नाहीतर नोझल तिरके बसते. तिन्ही नोझल एकदम काढणे मला पसंत आहे, कारण सेल्फवरचा भार कमी होऊन वेग जास्त आणि एकसारखा मिळतो. पंपाचा स्टॉप (डिझेल बंद करणारी दांडी) ओढलेला ठेवावा, पाइप सोडून त्यांची तोंडे झाकावीत आणि उघड्या भोकांसमोर कोणी उभे राहू नये. काही जुन्या इंजिनांत न्यूमॅटिक गव्हर्नर (हवेच्या ओढीवर चालणारा वेग-नियंत्रक) असतो आणि हवेच्या वाटेवर फुलपाखरी झडप असते. तशा इंजिनाची झडप पूर्ण उघडी धरावी लागते.

मोजताना ठराविक सेकंद सेल्फ मारण्यापेक्षा काट्याच्या उड्या मोजाव्यात. प्रत्येक दाबासरशी काटा एकदा उसळतो. प्रत्येक सिलिंडरला आठ ते दहा उड्या द्याव्यात आणि मध्ये सेल्फला मिनिटभर विश्रांती द्यावी. याने वेगही आपोआप कळतो. फेऱ्या मिनिटाला दोनशे असतील तर सहा सेकंदांत दहा उड्या होतात. तिसऱ्या सिलिंडरच्या वेळी त्याच दहा उड्यांना नऊ-दहा सेकंद लागले, तर तो आकडा पहिल्या दोघांशी ताडून पाहण्याच्या लायकीचा नाही. आपण या वेळी तिसऱ्या सिलिंडरपासून सुरुवात करावी, मग दुसरा, मग पहिला, आणि शेवटी पुन्हा तिसरा मोजावा. दोन्ही वेळा तिसऱ्याचा आकडा जवळपास सारखा आला आणि तरीही तो खालीच राहिला, तर दोष त्या सिलिंडरचाच आहे असे मी मानेन.

शेवटच्या आकड्याइतकीच पहिली उडीही टिपून ठेवावी. चांगल्या सिलिंडरमध्ये काटा पहिल्या उडीतच मोठी मजल मारतो आणि चार-पाच उड्यांत वर जाऊन थांबतो. रिंगा झिजल्या असतील तर पहिली उडी लहान असते, पण काटा प्रत्येक वेळी थोडा थोडा चढत जातो. वॉल्व्ह किंवा गॅस्केट गळत असेल तर पहिली उडीही लहान आणि पुढचा चढही नगण्य असतो. हा अंदाज आहे, निर्णय नव्हे, तरी सरावलेल्या डोळ्याला तो बरेच काही सांगतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, की शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी आणि सारखेच खाली असतील तर त्यांच्यामधल्या पट्टीवर हेड गॅस्केट फुटल्याची शक्यता सर्वांत जास्त असते. आपल्याकडे दुसरा सिलिंडर ठीक आहे, म्हणून या प्रकारची शंका मी बाजूला ठेवतो.

यानंतर बहुतेक ठिकाणी सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल सोडून पुन्हा दाब घेतात. आकडा वाढला तर रिंगा गेल्या आणि वाढला नाही तर वॉल्व्ह, असा त्याचा अर्थ लावतात. पेट्रोल इंजिनासाठी ही रीत बरी आहे, पण आपल्या इंजिनात ती जपून वापरावी लागते. थेट फवारणीच्या इंजिनात पिस्टनच्या माथ्यावर वाटीसारखा खळगा असतो, आणि नोझलच्या भोकातून सोडलेले तेल त्यातच साचते, रिंगांपर्यंत पोहोचतच नाही. दुसरी अडचण जागेची आहे. उरलेली जागा ५२ घन सेंटिमीटर असताना १५ घन सेंटिमीटर तेल ओतले तर दाबाचे प्रमाण १७ वरून २३ च्या पुढे जाते, आणि रिंगा कशाही असल्या तरी आकडा वाढतो. एक चहाचा चमचा, म्हणजे पाच घन सेंटिमीटर, यापेक्षा जास्त तेल कधीही घालू नये. ते घातल्यावर गेज न लावता काही फेरे द्यावेत म्हणजे तेल पसरेल, आणि मगच मोजावे. चाचणी झाल्यावर नोझल बसवण्याआधी उघड्या भोकांनीच पुन्हा फेरे देऊन उरलेले तेल बाहेर फेकून द्यावे. आत राहिलेले तेल इंधनासारखे पेटते, आणि मग इंजिनाचा वेग काही क्षण तरी आपल्या हाती राहत नाही.

यापेक्षा मला हवेची चाचणी कितीतरी जास्त भरवशाची वाटते, आणि तिला लागणारा कॉम्प्रेसर पंक्चरच्या कोणत्याही दुकानात असतो. तिसरा पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणावा, म्हणजे त्याचे दोन्ही वॉल्व्ह बंद असतील आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतील. डमी नोझलमधला अडवणारा वॉल्व्ह काढून त्यातून चार-पाच किलो दाबाची हवा सोडावी. येथे एक इशारा द्यायलाच हवा. ९१ मि.मी. व्यासाच्या पिस्टनवर पाच किलो दाब म्हणजे सव्वातीनशे किलोचा जोर होतो, आणि पिस्टन अगदी वरच्या बिंदूवर नसेल तर तो झटक्यात खाली जाऊन इंजिन फिरवतो. म्हणून ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक बांधावा, चाकांना ओंडके लावावेत, पंख्याजवळ आणि पट्ट्याजवळ हात ठेवू नये, आणि हवा हळूहळू सोडावी.

मग शांतपणे ऐकत जावे. एअर क्लीनरची नळी सोडून मॅनिफोल्डच्या (हवा सिलिंडरांकडे नेणाऱ्या वाटेच्या) तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर इनलेट वॉल्व्ह गळतो आहे, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यात बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट किंवा हेडची चीर. शेजारच्या नोझलच्या भोकातून हवा आली तर दोन सिलिंडरांमधले गॅस्केट. ऑइल भरण्याच्या तोंडाशी किंवा ब्रीदरशी हवा जाणवली तर ती रिंगांवरून खाली येते आहे. मात्र ही शेवटची खूण वाचताना घाई करू नये, कारण रिंगांच्या तोंडात फट असतेच आणि चांगल्या इंजिनातही थोडी हवा तेथून येते. म्हणून ही चाचणी पहिल्या सिलिंडरवरही घ्यावी आणि दोन्हींचा आवाज ताडून पाहावा. ब्रीदरमधला वाढलेला धूर केवळ तिसऱ्या सिलिंडरचा आहे की तिन्हींचा, याचे उत्तर येथे मिळेल, आणि इंजिन बांधावे की नाही हे त्या उत्तरावर ठरेल.

क्वचित असेही आढळते की गेजवर दाब कमी आहे, पण हवेच्या चाचणीत कोठेच विशेष गळती नाही. तेव्हा दोन गोष्टी तपासाव्यात. ट्रॅक्टर कधी ओढ्याच्या पाण्यात बंद पडला असेल आणि आत पाणी ओढले गेले असेल, तर कनेक्टिंग रॉड किंचित वाकून आखूड होतो आणि तो पिस्टन वर येताना इतरांपेक्षा थोडा खालीच थांबतो. नोझलच्या भोकातून पातळ सळई पिस्टनवर टेकवून तिन्ही पिस्टनची वरची उंची ताडून पाहिली की ठळक फरक लक्षात येतो. दुसरी शक्यता कॅमच्या (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) उंचवट्याच्या झिजेची. वॉल्व्ह पुरेसा उघडतच नसेल तर सिलिंडरमध्ये दाबायला हवाच कमी येते. टॅपेट कव्हर उघडून प्रत्येक इनलेट वॉल्व्ह किती खाली जातो हे मोजले की ते स्पष्ट होते. रिंगा आणि लायनर बदलून यातला कोणताही दोष जात नाही.

आपल्या बाबतीत माझा अंदाज तिसऱ्या सिलिंडरच्या वॉल्व्हकडे झुकतो. टॅपेट लावूनही आकडा वर आला नाही आणि हवा सायलेन्सरमधून किंवा मॅनिफोल्डमधून आली, तर फक्त हेड उतरवावे. वॉल्व्ह आणि सीट घासून घ्याव्यात, वॉल्व्ह हेडच्या पृष्ठभागापासून किती खोल गेला आहे हे मोजून सीट बदलायची का ते ठरवावे, हेडचा सपाटपणा पट्टीने तपासावा, आणि बसवण्यापूर्वी पोर्टमध्ये डिझेल ओतून ते वॉल्व्हच्या कडेने पाझरते का हे पाहावे. पहिल्या दोन सिलिंडरांचे ३४० आणि ३३० हे आकडे थंड इंजिनावर, पठारावर आणि उतरत्या बॅटरीवर घेतलेले आहेत. ते पाहता तळापासून इंजिन बांधण्याची गरज मला दिसत नाही.

हवा तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगांवरूनच खाली येत असेल, तर हेड उतरवल्यावर आणि पिस्टन काढल्यावर लायनरची झीज स्वतः मोजून घ्यावी. त्यासाठी महागडे उपकरण नसले तरी चालते. एक रिंग लायनरच्या अगदी खालच्या, न झिजलेल्या भागात पिस्टनने ढकलून सरळ बसवावी आणि तिच्या तोंडाची फट फिलर गेजने मोजावी. मग तीच रिंग वरच्या टोकापासून थोडे खाली, जेथे वरची रिंग फिरते तेथे बसवून पुन्हा मोजावी. दोन फटींमधल्या फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातली झीज मिळते. फरक ०.६० मि.मी. असेल तर लायनर साधारण ०.१९ मि.मी. झिजला आहे, आणि एवढ्या झिजलेल्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकणे व्यर्थ आहे. अशी झीज वरच्या भागात जास्त आणि एकाच सिलिंडरला ठळक दिसली, तर बहुधा गाळली न गेलेली धूळ आत जात असते. आपल्याकडे रोटाव्हेटर आणि मळणी यंत्र चालवताना ट्रॅक्टर तासन्‌तास धुळीत उभा असतो. म्हणून एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतची रबरी नळी काढून तिची आतली बाजू पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावी. फडक्यावर माती आली तर नळी आणि तिच्या दोन्ही क्लिपा बदलल्याशिवाय नवे लायनर बसवू नयेत.